आधी यादी, मग ग्रुप: करसल्लागार संघटनेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उभा करण्याची आणि चालवण्याची पद्धत

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या तालुक्याच्या संघटनेचे सचिव फोन करतात. "सर, ग्रुप हाताबाहेर गेलाय, काय करू?" मी आधी एकच विचारतो, ग्रुप कोणाच्या नंबरवरून उघडला होता? बहुतेक वेळा उत्तर येतं, "माजी सचिवांच्या." नियम कधी केले? "भांडण झालं त्यानंतर." सभासदांची यादी? "रजिस्टरला आहे, पण ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते बघावं लागेल."

बिघाड इथेच असतो. सभासद बेशिस्त असतात असं नाही, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. ग्रुप उघडायला दोन मिनिटं लागतात म्हणून तो पहिल्यांदा उघडला जातो आणि जे महिनाभर आधी करायचं ते वर्षभराने आठवतं.

माझा अनुभव जिल्ह्याच्या ठिकाणच्या करसल्लागार संघटनेचा आहे, त्यामुळे उदाहरणं जीएसटी आणि इन्कम टॅक्सची येतील. इंजिनिअर, डॉक्टर, केमिस्ट यांच्या संघटनांनी आपापल्या धंद्याचे शब्द घालून वाचावं, क्रम तोच राहतो.

## टप्पा १: सभासदांची यादी साफ करा

फोन बाजूला ठेवा आणि रजिस्टर उघडा. एक्सेलमध्ये सहा रकाने पुरतात: सभासद क्रमांक, नाव, गाव, पात्रता (वकील, सीए, जीएसटी प्रॅक्टिशनर), व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, वर्गणी कुठपर्यंत भरली.

रजिस्टरमधला नंबर म्हणजेच व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, असं धरून चालू नका. आमच्या यादीत काही नंबर ऑफिसातल्या मुलांचे निघाले. दोन सभासद हयात नव्हते आणि त्यांचे नंबर कंपनीने दुसऱ्यांना दिले होते. त्यातल्या एकावर मी "आपलं स्वागत आहे" असा मेसेज टाकला, तर पलीकडून भाजीच्या गाळ्यावरच्या गृहस्थांनी "कोण आपण?" म्हणून विचारलं.

यादी करतानाच दोन गोष्टी ठरवून टाका.

पहिली गोष्ट संमतीची. ग्रुपमध्ये घेतलं की सभासदाचा नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचा सगळा रोख संमतीवर आहे, म्हणून सभासद अर्जात एक साधी ओळ घाला: "माझा मोबाईल नंबर संघटनेच्या ग्रुपमधील इतर सभासदांना दिसेल, यास माझी संमती आहे." जुन्या सभासदांकडून हीच संमती मेसेजवर घ्या.

दुसरी थकबाकीची. वर्गणी थकलेल्यांना घ्यायचं की नाही हे आत्ताच ठरवा. घ्यायचं असेल तर तारीख लावून घ्या आणि ती तारीख त्यांना आधी कळवा. आत घेऊन मग "वर्गणी नाही म्हणून काढलं" हा प्रकार वर्षभर पुरतो.

तपासणी: यादीतली कोणतीही दहा नावं निवडून फोन लावा. दोनपेक्षा जास्त नंबर चुकीचे निघाले तर अख्खी यादी पुन्हा तपासा.

## टप्पा २: सिम आणि फोन संघटनेचाच

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ग्रुप ज्याने तयार केला त्याला दुसरा कोणताही ॲडमिन काढू शकत नाही. तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिन राहतोच. निवडणुकीत पॅनल पडलं, माजी सचिव रुसले आणि ग्रुपची किल्ली त्यांच्याच खिशात राहिली, हे मी तीन तालुक्यांत पाहिलंय. म्हणून ग्रुप संघटनेच्या सिमवरूनच उघडायचा.

करायचं ते असं:

१. संघटनेच्या नावावर सिम मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर पदाधिकाऱ्याच्या नावावर घ्या, पण "हे सिम संघटनेच्या मालकीचं आहे" असा ठराव करून त्याची सही घ्या.

२. कोणाच्या तरी कपाटातला चालू स्थितीतला जुना अँड्रॉइड फोन वापरा.

३. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि त्याला संघटनेचा ईमेल जोडा. पिन कागदावर लिहून पाकिटात घाला, पाकीट बंद करून खजिनदाराकडे द्या.

४. सिमचा रिचार्ज वार्षिक खर्चात धरा. रिचार्ज संपलेलं सिम कंपनी काही महिन्यांनी बंद करते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप खातं १२० दिवस न वापरलं तर खातंच पुसलं जातं.

५. हा फोन आठवड्यातून एकदा तरी उघडा. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही, तर लिंक केलेल्या कॉम्प्युटरवरून व्हॉट्सअ‍ॅप आपोआप लॉगआउट होतं आणि नेमकं २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशीच ते लक्षात येतं.

सिम चालू झालं की यादीतल्या प्रत्येकाला त्यावरून मेसेज करा. उत्तरात नाव, सभासद क्रमांक आणि "संमती आहे" एवढं मागा. उत्तर आलं नाही तर एकदा फोन. तरीही नाही, तर नाव बाजूला ठेवा आणि पुढे चला.

इशारा: जुना ग्रुप माजी सचिवांच्या नंबरवर असेल तर तो ताब्यात घेण्यासाठी भांडू नका. नवा उघडा, जुन्यात एकदाच कळवा आणि कोणालाही जुन्यातून बाहेर पडायची सक्ती करू नका. जुना ग्रुप चार महिन्यांत गुड मॉर्निंगचा होतो आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही.

## टप्पा ३: ठराव करा, ग्रुप किती ते ठरवा

आपल्याकडच्या बहुतेक संघटना १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदलेल्या असतात. त्यामुळे "ॲडमिनने मला का काढलं?" हा प्रश्न पुढेमागे कागदावर येऊ शकतो. कार्यकारिणीच्या सभेत छोटासा ठराव घ्या: ग्रुप कशासाठी, ॲडमिन कोण, नियम कोणते, काढायचा अधिकार कोणाला. ॲडमिन नावाने लिहू नका, पदाने लिहा. आणि एक वाक्य न चुकता घाला: ग्रुपमधून काढणं म्हणजे सभासदत्व रद्द होणं नव्हे.

रचनेत नव्या सचिवांचा उत्साह फार नडतो. जीएसटीचा वेगळा, इन्कम टॅक्सचा वेगळा, प्रोफेशनल टॅक्सचा वेगळा, प्रत्येक तालुक्याचा वेगळा. परिणाम एवढाच होतो की एकच प्रश्न सहा ठिकाणी पडतो आणि उत्तर एकाही ठिकाणी धड मिळत नाही. सुरुवातीला तीन पुरतात:

सूचना: फक्त ॲडमिन लिहितील.
प्रश्नोत्तर: फक्त कामाचं.
कट्टा: बाकी सगळं. वाढदिवस, सहल, क्रिकेट, विकाऊ स्कूटर.

तिन्ही एका कम्युनिटीत (अनेक ग्रुप एकत्र ठेवायची व्हॉट्सअ‍ॅपची सोय) बांधा. कट्टा हवाच. तो नसेल तर तो प्रश्नोत्तरात भरतो.

टेलिग्राम घ्यावा का, असं दर वेळी कोणी तरी विचारतं. नव्या सभासदाला जुने मेसेज दिसणं, एकट्यादुकट्याला गप्प बसवता येणं, या बाबतीत तो सरस आहे. पण साठीच्या वकीलसाहेबांच्या फोनमध्ये तो नसतो आणि आपल्याकडे उत्तरं तेच देतात. विषय संपला.

## टप्पा ४: नियम आधी लिहा, सात ओळींत

दोन पानांची नियमावली कोणी वाचत नाही. आमची अशी आहे, हवी तशी बदलून घ्या:

१. प्रश्नोत्तर ग्रुपवर फक्त करविषयक प्रश्न आणि उत्तरं.
२. क्लायंटचं नाव, पॅन, जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक), आधार, मोबाईल दिसेल असा कोणताही फोटो किंवा पीडीएफ टाकू नये.
३. मुदतवाढ, नवी अधिसूचना, परिपत्रक यांची बातमी फक्त 'सूचना'वर येईल. मिळाल्यास ॲडमिनला खासगी पाठवावी.
४. राजकारण, धर्म, जात यांवरचं काहीही तिन्ही ग्रुपवर नको.
५. जाहिरात नको. वकील आणि सीए सभासदांवर त्यांच्या संस्थांची बंधनं आहेतच, बाकीच्यांनीही पाळावं.
६. रात्री १० ते सकाळी ८ प्रश्नोत्तर बंद. मुदतीच्या आदल्या आणि शेवटच्या दिवशी चालू.
७. अधिकाऱ्यांच्या नावाने आरोप नको. तक्रार असेल तर संघटनेकडे लेखी द्यावी.

निधनवार्तेचा प्रश्न नाजूक असतो. सभासदाचं किंवा घरच्या कोणाचं निधन झालं की दीडशे "भावपूर्ण श्रद्धांजली" येतात आणि त्यांच्याखाली कोणाचा तरी उद्या सुनावणी असलेला प्रश्न गाडला जातो. श्रद्धांजली लिहू नका, असं मात्र कोणी सांगू शकत नाही. आम्ही निधनवार्ता 'सूचना'वर टाकतो, तिथे उत्तर देता येत नाही. ज्यांना लिहायचं ते कट्ट्यावर लिहितात, अंत्यविधीला जायचं ते जातात.

## टप्पा ५: स्क्रीनशॉट झाकायला शिकवा

सात नियमांत दुसराच सर्वांत जास्त मोडतो आणि मोडणाऱ्याला वाटतं आपण पाळलाय. म्हणून याला वेगळा टप्पा.

नेहमीचं दृश्य असं. सभासदाला नोटीस आली. त्याने फोटो काढला, पॅनवर बोटाने काळी रेघ ओढली आणि टाकला. वर जीएसटीआयएन तसाच. जीएसटीआयएन पंधरा अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे जसाच्या तसा पॅन. म्हणजे पॅन झाकून काहीच झाकलं गेलं नाही. त्यात जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कोणीही हा नंबर टाकून व्यापाऱ्याचं नाव आणि पत्ता पाहू शकतो. तीनशे लोकांच्या ग्रुपमध्ये त्या व्यापाऱ्याच्या शेजारच्या दुकानदाराचा करसल्लागार असतोच.

दुसरी चूक हायलायटरची. फोनमधला काळा मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं डोकं वर काढतात. तिसरी चूक पीडीएफची: काळा चौकोन वर ठेवला, पण खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो.

पद्धत अशी ठेवा:

१. झाकण्यापेक्षा कापा. हवा तो परिच्छेदच क्रॉप करा. वरचा पत्त्याचा भाग आणि खालची सही लागतच नाही.
२. मजकुरात मध्येच नाव असेल तर तो परिच्छेद टाईप करून टाका, नावाच्या जागी "करदाता" लिहा.
३. पीडीएफ टाकूच नका. पानाचा स्क्रीनशॉट घेऊन कापा.
४. पाठवण्याआधी फोटो मोठा करून एकदा कोपरे बघा. क्यूआर कोड आणि फाइलचं नावही बघा. "शहा ट्रेडर्स नोटीस" असं फाइलचं नाव ठेवून आतलं नाव झाकलेलं मी पाहिलंय.

तपासणी: मासिक अभ्यासवर्गात एक बनावट नोटीस देऊन सगळ्यांना आपापल्या फोनवर झाकायला लावा. वीस मिनिटांचं काम आहे, आणि निम्म्यांचा जीएसटीआयएन उघडा राहतो.

## टप्पा ६: ॲडमिन नेमा, सेटिंग लावा

चार ॲडमिन पुरे: संघटनेचा नंबर, सचिव, एक जीएसटीतला जाणकार, एक इन्कम टॅक्समधला. अध्यक्षांना ॲडमिन करू नका. तक्रार वर नेण्यासाठी एक जागा रिकामी लागते. चौघांचा छोटा ग्रुप वेगळा ठेवा आणि मतभेद तिथेच मिटवा. दोन ॲडमिन सर्वांसमोर एकमेकांना "नियम वाचा" म्हणाले की पुढे नियम कोणी वाचत नाही.

सभासद घेण्यापूर्वी या क्रमाने सेटिंग करा:

१. ग्रुपची माहिती बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला.
२. नवे सभासद घेण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला, आणि लिंकवरून येणाऱ्यांना ॲडमिनची मान्यता.
३. सुरुवातीला मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला.
४. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय बंद.
५. सात नियम ग्रुपच्या माहितीत.

तिसरं सेटिंग लोक विसरतात आणि मग पहिल्याच दिवशी "धन्यवाद सर", "स्वागत आहे", नमस्काराचे हात असे दोनशे मेसेज पडतात. निम्मे लोक त्या संध्याकाळी ग्रुप म्यूट करतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

## टप्पा ७: सभासद आत घ्या

ग्रुपची मर्यादा १०२४ आहे, म्हणजे जिल्ह्याला पुरून उरते. तरी सगळ्यांना एका दमात घेऊ नका. रोज चाळीस-पन्नास घ्या आणि यादीवर खूण करत जा. निमंत्रणाची लिंक कुठेही जाहीर टाकू नका. एकाने ती आपल्या अकाउंटंटला पाठवली, अकाउंटंटने सॉफ्टवेअर विकणाऱ्याला, की तिसऱ्या दिवशी "बिलिंग सॉफ्टवेअरवर सूट" हजर. काम झालं की लिंक रीसेट करा.

सगळे आले की मगच मेसेजची परवानगी खुली करा. त्याआधी एक तयारी: पाच-सहा जुन्याजाणत्या सभासदांना फोन करून सांगून ठेवा, "पहिले पंधरा दिवस तुम्ही उत्तरं द्यायचीत, साहेब." दोन-तीन खरे प्रश्नही तयार ठेवा. पहिल्या आठवड्यात तीन प्रश्नांना नीट उत्तरं मिळाली की लोकांना समजतं ही जागा कशाची आहे. सर्वांना ओळख करून द्यायला सांगू नका.

## टप्पा ८: प्रश्न, उत्तर आणि जतन

"सर, एका क्लायंटला नोटीस आली आहे, काय करावं?" यावर पहिली दहा उत्तरं प्रश्नच असतात. कुठली नोटीस? कुठलं वर्ष? मुदत कधी? प्रश्नाचा साचा पिन करून ठेवा: कायदा, वर्ष, काय आलं, काय करून पाहिलं, काय हवं. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांची असते, म्हणून महिन्याच्या एक तारखेला पुन्हा लावायची.

साच्यातला प्रश्न असा दिसतो: "जीएसटी. २०२१-२२. २बी आणि ३बी मधल्या फरकासाठी एएसएमटी-१० आली आहे. पुरवठादाराने रिटर्न उशिरा भरलं, पण भरलंय. एएसएमटी-११ मध्ये उत्तर देताना सोबत काय जोडावं?" (२बी म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून तयार होणारं विवरण, ३बी म्हणजे आपलं रिटर्न, एएसएमटी-१० म्हणजे फरकाबद्दलची नोटीस, एएसएमटी-११ म्हणजे तिचं उत्तर.) याला तासाभरात उत्तर मिळतं.

उत्तर देणाऱ्यांसाठी एकच आग्रह धरा: कलम, नियम किंवा परिपत्रकाचा क्रमांक सांगा. क्रमांक नसेल तर "माझा अनुभव" असं सुरुवातीला लिहा. दोन्ही उपयोगाचं आहे, पण अपिलात अनुभव चालत नाही.

आता जतन. ग्रुपवरचं चांगलं उत्तर दोन आठवड्यांत हरवतं आणि तोच प्रश्न परत येतो. जाणकार एकदा सांगतात, दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा गप्प बसतात. ग्रुप मरतो तो असा, भांडणाने क्वचितच. म्हणून दर रविवारी पाळीचा ॲडमिन आठवड्यातले निवडक प्रश्न गूगल शीटमध्ये उतरवतो: तारीख, विषय, प्रश्न, उत्तर, आधार. मी अर्ध्या तासात उरकतो. शीट फक्त वाचता येईल अशी ठेवा आणि लिंक ग्रुपच्या माहितीत द्या.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत. आधीच्या वर्षांची प्रकरणं मात्र १९६१ च्या कायद्याखालीच चालतात. तेव्हा शीटमध्ये "कायदा: १९६१ की २०२५" असा एक रकाना वाढवा, नाही तर जुनं बरोबर उत्तर नव्या वर्षाला लावलं जाईल.

## टप्पा ९: मुदतीचे दिवस

महिन्याच्या ११ आणि २० तारखेला (जीएसटी रिटर्न), ३१ जुलैला (इन्कम टॅक्स रिटर्न), ३० सप्टेंबरला (टॅक्स ऑडिट) दुपारी चारनंतर ग्रुपवर एकच वाक्य फिरतं: "कोणाचं पोर्टल चालतंय का?" यावर ऐंशी उत्तरं येतात आणि कोणाला काही कळत नाही.

सकाळीच एक पोल टाका. पर्याय चार: सगळं चालू, लॉगिन होत नाही, ओटीपी येत नाही, चलन तयार होत नाही. मत बदलता येतं, त्यामुळे परिस्थिती बदलली की लोक मतही बदलतात. दर दोन तासांनी पोलचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ज्यांचं अडलंय त्यांनी हेल्पडेस्कवर तक्रार नोंदवून तिकीट नंबर ॲडमिनला पाठवावा. मुदतवाढीचं निवेदन द्यायची वेळ आली तर "पोर्टल चालत नव्हतं" या वाक्यापेक्षा वेळ टाकलेले स्क्रीनशॉट आणि चाळीस तिकीट नंबर जास्त बोलतात.

अफवा वेगळ्या हाताळाव्या लागतात. २०२५ मध्ये इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. शेवटच्या दिवसांत "३० सप्टेंबरपर्यंत वाढली" असा मेसेज सगळीकडे फिरला आणि तो खोटा असल्याचं खात्याला जाहीर करावं लागलं. त्यानंतर १५ तारखेच्या रात्री उशिरा खरीखुरी मुदतवाढ आली, ती एका दिवसाची, १६ तारखेपर्यंत. खोट्यावर विश्वास ठेवून काहींनी दुकान बंद केलं, आणि खोट्याने पोळलेल्या काहींनी खरं मानायला वेळ लावला.

नियम ३ असतो तो यासाठी. 'सूचना'वर टाकण्यापूर्वी ॲडमिनने पाहायचं: परिपत्रकाला क्रमांक आणि तारीख आहे का, ते खात्याच्या साइटवर आहे का, आणि पीडीएफ तिथूनच उतरवलीय का. साइटवर नसेल तर "अजून अधिकृत नाही, काम चालू ठेवा" एवढंच लिहायचं. पहिला बातमी देण्याचा मोह आवरा.

## टप्पा १०: नियम मोडला तर

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये एकट्या सभासदाला गप्प बसवण्याची सोय नाही. हातात तीनच गोष्टी आहेत: मेसेज काढणं, सगळ्यांचंच लिहिणं थांबवणं, सभासदाला काढणं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

१. आधी खासगी मेसेज: "नमस्कार साहेब, आपली प्लॉटची पोस्ट प्रश्नोत्तरवर आली आहे. नियमाप्रमाणे काढतोय, कट्ट्यावर जरूर टाकावी." वयाने मोठे असतील तर मेसेज करू नका, फोन करा.
२. मग पोस्ट काढा, आणि तीही संघटनेच्या नंबरवरून. कोणत्या ॲडमिनने काढली ते सगळ्यांना नावासकट दिसतं. तिथे सचिवांचं नाव दिसलं की राग सचिवांवर निघतो.
३. दुसऱ्यांदा झालं तर लेखी समज.
४. तिसऱ्यांदा झालं तर सात दिवस बाहेर. निर्णय दोन ॲडमिननी मिळून घ्यायचा आणि कारण नोंदवायचं.
५. पुढचं कार्यकारिणीकडे.

क्लायंटची माहिती उघड झाली असेल तर क्रम उलटा: आधी पोस्ट काढा, मग फोन.

"पोस्टबद्दल ॲडमिनला अटक होते का?" हे दर निवडणुकीत विचारलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसायला हवं. म्हणजे झोप उडवून घेऊ नका, पण पोस्ट दिसल्यावर ती राहूही देऊ नका.

## टप्पा ११: सभासदाचा फोन हॅक झाला तर

ओळखीच्या सभासदाच्या नंबरवरून "आरटीओ चलन" किंवा "लग्नपत्रिका" नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) येते. आपल्या व्यवसायात हा धोका दुप्पट, कारण क्लायंटच्या पोर्टल नोंदणीत स्वतःचाच मोबाईल नंबर देण्याची आपल्याला सवय. एक फोन गेला की पन्नास क्लायंटचे ओटीपी गेले.

ताबडतोब आणि याच क्रमाने:

१. तो नंबर तिन्ही ग्रुपमधून काढा. नुसती फाइल पुसून भागत नाही, पाच मिनिटांत पुन्हा येते.
२. फाइल सर्वांसाठी डिलीट करा.
३. 'सूचना'वर लिहा: फाइल उघडू नका, उघडली असेल तर इंटरनेट बंद करा.
४. सभासदाला साधा फोन लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू नका, तिथे कदाचित तो नसतो.
५. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार.

परत घेताना त्याच्याशी प्रत्यक्ष बोला, फोन साफ करून घेतल्याची खात्री करा. आणि सभासदाची थट्टा होऊ देऊ नका, नाही तर पुढचा माणूस लपवेल.

## टप्पा १२: पोल म्हणजे ठराव नव्हे

अभ्यासवर्ग शनिवारी की रविवारी, सहल गणपतीपुळ्याला की महाबळेश्वरला, इथवर पोल ठीक. पदाधिकारी निवडणं, वर्गणी वाढवणं, संघटनेची घटना बदलणं याला घटनेत लिहिलेली नोटीस आणि सभा लागते. पोलमध्ये कोणी काय मत दिलं हेही सगळ्यांना दिसतं, तेव्हा गुप्त मतदानाचा प्रश्नच येत नाही.

एक पोल तर कधीच टाकू नका: "रिटर्नची किमान फी किती ठेवावी?" दर जुलैत कोणी तरी तळमळीने हे सुचवतो. व्यवसायातल्या लोकांनी संघटनेमार्फत दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये अडकू शकतं, आणि स्पर्धा आयोगाने औषध विक्रेत्यांच्या संघटनांसकट अनेक संघटनांवर या कलमाखाली कारवाई केलेली आहे. ग्रुपवरची चर्चा म्हणजे आयता लेखी पुरावा.

## टप्पा १३: नव्या कार्यकारिणीकडे सोपवणं

निवडणूक झाली की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत फेरफार अहवाल (पदाधिकारी बदलल्याची माहिती) द्यायचा असतो. त्याच फाइलमध्ये ग्रुपच्या हस्तांतराचा एक कागद घाला आणि दोन्ही सचिवांनी सही करा.

क्रम: नवे ॲडमिन नेमा. संघटनेच्या फोनमधली सगळी लिंक केलेली उपकरणं लॉगआउट करा. पिन बदला, नवं पाकीट खजिनदाराकडे द्या. गूगल शीटची मालकी बदला, कारण ती बहुधा जुन्या सचिवांच्या स्वतःच्या जीमेलवर असते आणि सगळ्यांत हीच राहून जाते. निमंत्रणाची लिंक रीसेट करा. हे सगळं झालं की शेवटी जुन्या ॲडमिनना ॲडमिनपदावरून काढा.

काढण्याआधी त्यांना फोन करा. "आता तुम्ही ॲडमिन नाही" हे त्यांना स्क्रीनवर वाचून कळायला नको.